सहा सामने आणि माझं तोंड

आमच्या गच्चीवरून कॉलेजचं मैदान अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं ग्रंथालयाच्या इमारतीमागे जातं. म्हणजे अलीकडचा गोल आमच्या कुंपणाला लागून, अगदी नाकाखाली, आणि पलीकडचा गोल नुसता ऐकू येतो. मी फुटबॉलचा सामना पाहिला असं म्हणते तेव्हा अर्धा पाहिला असं समजावं. "अर्धा बघून एवढा घोटाळा केलास अम्मा, पुरता दिसला असता तर काय केलं असतंस?" असं माझा मुलगा अजून विचारतो.

करोनाचं दुसरं वर्ष नुकतं लागलं होतं. त्याआधीचं अख्खं वर्ष मुलाने मला घरात कोंडून घातलं होतं. फाटकापाशी जायचं नाही, भाजीवाल्याशी बोलायचं नाही, देवळाचं तर नाव काढायचं नाही. कुंभकोणम्‌सारख्या गावात, जिथे कुठल्याही गल्लीतून चार पावलं टाकली की गोपुर समोर येतं, तिथे मी देव टीव्हीवर बघत होते. हातपाय शिवशिवायचे. निवडलेली तुरीची डाळ पुन्हा निवडायची, धुतलेल्या बरण्या पुन्हा धुवायच्या. नणंदांना इतके फोन केले की त्या एकेक करून उचलायच्या बंद झाल्या. मग गच्चीवर फेऱ्या. टाकीपासून कठड्यापर्यंत, कठड्यापासून टाकीपर्यंत. खालून सून ओरडायची, "आई, जरा बसा हो, माझ्या डोक्यावर कोणी जातं फिरवतंय असं वाटतं."

विशीतली मी मात्र ह्या कोंडण्यावर खूश झाले असते. ह्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला आदर्श सून व्हायचं होतं, आणि आदर्श सून मैदानाकडे बघत नाही, असं मीच ठरवलं होतं. सांगितलं कोणी नव्हतं. मैदानात मुलं खेळत असायची. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची ती मान खाली घालून. इतकी खाली, की एकदा पाण्याच्या टाकीवर कपाळ आपटून टेंगूळ आलं. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "देवाला नमस्कार करताना लागलं." त्या बाईने मला त्या दिवशी दोन लाडू जास्त दिले. काय सोंग होतं ते पोर! आणि ओल्या चादरीच्या फटीतून खेळ बघत होतं, तेही सांगते.

तर नात. ती त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि मुलींच्या फुटबॉल संघाची कप्तान आणि गोलरक्षक होती. पहिल्या वर्षी ती राखीव म्हणून बाकावर बसली. दुसऱ्या वर्षी टाळेबंदीत सामनेच झाले नाहीत. हे तिसरं आणि शेवटचं. मधल्या काही आठवड्यांत रोग जरा निवल्यासारखा झाला, कॉलेजं उघडली, आणि आसपासच्या सात कॉलेजांनी ठरवलं की सामने घ्यायचे. सगळे एकाच मैदानावर, प्रेक्षकांना बंदी. ते मैदान आमच्या नाकाखालचं.

"आज्जी, मज एकच मॅच जिंकायची आहे," ती म्हणाली. "कप वगैरे काही नको. एक. मग ती बँकेची परीक्षा, तो क्लास, सगळं मुकाट्याने करते."

सहा सामने होते. सहांत एक, फार नव्हतं मागणं.

पण संघ कुठे होता? वसतिगृह बंद, त्यामुळे बाहेरगावच्या चांगल्या खेळाडू आपापल्या घरी. उरलेल्यांच्या घरी आईबाप दार अडवून बसलेले. पीटी सरांनी व्हॉलीबॉलच्या तिघींना धरून आणलं. त्या चेंडू पायाशी आला तरी हात पुढे करायच्या. चोळपुरम्‌हून एक पोर बापाच्या मोपेडवर मागे बसून यायची, मांडीवर दहीभाताचा डबा. आणि मागे बचावाला होती ती मुळात कबड्डीची. समोरची मुलगी जवळून पळाली की ही सवयीने तिचा घोटा धरायची. रेफरी शिट्टी वाजवायचा, ही हात जोडून तमिळमध्ये म्हणायची, "सर, हात आपोआप जातो."

पहिला सामना सात गोलांनी हरल्या. दुसरा पाचांनी. तिसऱ्याच्या दिवशी सकाळी दोघींना ताप निघाला, संघ मैदानात उतरलाच नाही. न खेळता हार लागली. त्या दिवशी नात पायमोजे घालून दुपारभर खोलीत बसली होती. मी तीनदा कापी, म्हणजे आमची कॉफी, नेली, तीनदा गार झाली.

चौथ्यापासून मी तोंड उघडलं. त्याआधी मी नुसती कठडा धरून उभी असायची, पाय आपटत, कोणी चुकीकडे पळालं की चुकचुकत. चौथ्या सामन्यात नात अलीकडच्या गोलात होती आणि तिच्या डाव्या बाजूला समोरच्या संघाची एक मुलगी अगदी एकटी उभी होती, लग्नाच्या पंगतीत पान मिळायची वाट बघावी तशी. खालून ते दिसत नाही, वरून लख्ख दिसतं. मी तमिळमध्ये ओरडले, "डावीकडे बघ, एकटी आहे!" ते समोरच्या संघाने आधी ऐकलं. त्यांनी चेंडू नेमका तिलाच दिला. गोल. पीटी सर कुंपणापाशी आले, मास्क हनुवटीवर.

"पाट्टी," ते म्हणाले. आमच्याकडे तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात, आणि मी अख्ख्या मैदानाची पाट्टी होते. "प्रेक्षकांना बंदी आहे."

"मी कुठे प्रेक्षक? सांडगे वाळत घातलेत. कावळे हाकते."

"कावळ्यांना तुम्ही डावीकडे बघ म्हणता?"

"आमच्याकडचे कावळे ऐकतात."

त्यांनी हात जोडले. तो सामना चार गोलांनी गेला.

रात्री जेवताना नात पानातल्या दह्यात कालवलेल्या डांगर पचडीत बोट फिरवत म्हणाली, "आज्जी, तू ओरडल्याशिवाय राहणार नाहीस ना?"

"नाही."

"मग आपल्या भाषेत ओरड. तुज वरून दिसतं ते मज खरंच हवं आहे."

हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगितलं पाहिजे. आम्ही तंजावूरकडचे मराठी. तीनशे-साडेतीनशे वर्षं इथे आहोत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून तुमच्याकडचे पाहुणे हसतात, तुमचं बोलणं पोथीतून उठून आल्यासारखं आहे म्हणतात. हसोत. तिचा आम्हाला जो उपयोग होतो तो त्यांना कधी होणार नाही. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडासमोर "रंग जाणार ह्याचा, उठा" म्हणता येतं. डॉक्टरसमोर बसून "हा काही खरं सांगत नाही" म्हणता येतं. मुलगी बघायला आलेल्या माणसांसमोर काय काय म्हटलंय ते लिहीत नाही. आमच्यातलं प्रत्येक पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं, की चारचौघांत मराठी म्हणजे कडी लावलेलं दार. आतलं बाहेर जात नाही.

पाचव्या सामन्यात ते दार छान चाललं. मी वरून, "पिवळी रिबीन मोकळी आहे गो," "मागे ये," "ती लंगडते आहे, जोर नाही तिच्यात," आणि नात बरोबर तिथे. समोरच्या पोरी वर बघायच्या, त्यांना वाटायचं म्हातारी स्तोत्र म्हणते आहे. एकाच गोलाने हरलो. एकाच! नात आनंदाने रडली. हरून इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

फक्त शेवटच्या मिनिटाला ती डाव्या मनगटावर पडली होती. संध्याकाळी मनगट फुगलं. मी हळद-मिठाचा लेप लावला, पट्टी बांधली.

"कोणास सांगू नको," ती म्हणाली. "अम्मास नको, सरांस नको. दुसरी गोलकीपर पॉझिटिव्ह आहे. सरांना कळलं तर मज बसवतील, आणि गोलात उभी राहायला कोणी नाही. शेवटची मॅच आहे आज्जी. हीच जिंकता येईल."

मी तोंडावर बोट ठेवून शपथ घेतली. सून विचारत होती पोरगी डाव्या हाताने का जेवण वाढत नाही, तर मी म्हटलं, "डाव्या हाताने वाढायचं असतं का कधी?" मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सहावा सामना तंजावूरच्या कॉलेजशी.

हे वाक्य पुन्हा वाचा. त्या दिवशी मी ते डोक्यात एकदाही नीट वाचलं नाही.

सकाळपासून मी एका जागी बसले नव्हते. अंघोळ केली, पुन्हा केली. सांडगे पसरले, गोळा केले, पुन्हा पसरले. चारला शिट्टी झाली. पहिल्या अर्ध्यात नात पलीकडच्या गोलात होती, ग्रंथालयामागे. मला नुसता आरडाओरडा ऐकू येत होता आणि प्रत्येक आरोळीला मी टाचा उंचावून उभी. आणि मग माझ्या नाकाखाली, तंजावूरच्या गोलात, आमच्या कबड्डीवालीने कुठूनशी येऊन, हात पाठीमागे घट्ट बांधून, चेंडूला असा पाय मारला की तो त्यांच्या गोलरक्षकाच्या पायांमधून आत. सबंध मोसमातला आमचा पहिला गोल. खाली आठ-नऊ पोरी एकमेकींच्या गळ्यात. अंतर पाळा म्हणून पीटी सर ओरडत होते आणि स्वतः रेफरीला मिठी मारत होते. मी सांडग्यांवर नाचले. सांडगे गेले.

दुसऱ्या अर्ध्यात नात माझ्यासमोर आली. कुंपणापलीकडे, पाठ माझ्याकडे. आता फक्त राखायचं होतं.

मी राखायला बसले. "उजवीकडे कोणी नाही गो! उजवी बाजू उघडी आहे, भर कोणीतरी!"

तंजावूरची नऊ नंबरची मुलगी, कमरेपर्यंत वेणी, ती डाव्या बाजूने येत होती. एकदम वळली आणि उजवीकडून आत शिरली. गोल. एक-एक.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, पोरगी हुशार आहे.

अजून वेळ होता. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, पण हरणंही नव्हे. नात टाळ्या वाजवून पोरींना पुढे ढकलत होती, आणि टाळी वाजवताना तिने डावा हात झटकला तो मी पाहिला. दुखत होतं तिला. आणि तेव्हा मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण केलं. कठड्यावर पोट टेकून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले:

"अगो, डावा हात उचलू नको! मनगट सुजलं आहे तुझं! डावीकडे उंच आला तर सोडून दे!"

नातीने वळून वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती घाई होती, गप्प बस म्हणायची घाई. तेवढ्यात नऊ नंबरने लांबूनच, उंच, डावीकडे मारला. नातीने हात उचललाच. तोच. चेंडू तिच्या बोटांना लागून आत गेला.

आणि ती वेणीवाली धावत आली ती सरळ कुंपणापर्यंत. वर बघितलं, हात जोडले, आणि आमच्या घरातल्या मराठीत, अगदी माझ्या सासूबाईंच्या सुरात म्हणाली, "आज्जी, फार उपकार जाहले तुमचे."

एखाद्या दुसऱ्या बाईला तिथे चक्कर आली असती. ती रडली असती, निदान खाली बसली असती. मी काय केलं? तीनशे घरांची आमची जात, लग्न जमवताना सगळी एकमेकांच्या अंगणात जातात. तोंडातून सवयीने निघून गेलं:

"कोणाची गो तू?"

तिनेही सांगितलं! राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं.

"म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेच्या जावेच्या घरची! अगो, तुझ्या आत्याच्या लग्नात मी..."

रेफरीने शिट्टी वाजवली. खेळ संपायला पाच-सहा मिनिटं बाकी होती आणि दोन्ही संघ उभे राहून माझ्या नणंदेची जाऊ ऐकत होते. माझी नात गोलात उभी होती, डावा हात काखेत दाबून, माझ्याकडे पाठ करून. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

दोन-एकने गेला. सहावा.

ती घरी आली. बाहेरच्या नळावर हातपाय धुतले, कपडे साबणाच्या बादलीत टाकले, त्या दिवसांचा सगळा विधी नीट केला आणि खोलीत गेली. मनगट आता सगळ्यांना कळलं होतं; सुनेने डॉक्टरला फोन लावला. मुलगा हसू दाबत होता, त्याला मी नजरेनेच बाहेर घालवला. रात्रभर मी कूस बदलत होते. सकाळी तिच्या दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. पाणी ठेवलं. औषध ठेवलं. पेपर ठेवला, जो ती वाचत नाही. तीन दिवस ती माझ्याशी तमिळमध्ये बोलली. घरात, तमिळमध्ये! "पाणी नको." "जेवले." जणू मी फाटकातली भाजीवाली.

चौथ्या दिवशी मीच आत जाऊन तिच्या पलंगावर बसले.

"मी पीटी सरांस सांगते, चूक माझी होती."

"सगळ्या मैदानाला ठाऊक आहे." हे मराठीत आलं. मला बरं वाटलं.

"तुज एक जिंकायची होती, मी घालवली."

"आज्जी, आम्ही सहा हरलो," ती म्हणाली. "त्यांतली एक तुझी. पाच आमच्या आहेत. सगळ्या स्वतःच्या नावावर करून घेऊ नको."

मग भिंतीकडे बघत: "गोल झाला ते झालं. पण तू तिला कोणाची गो तू विचारलंस! तिथे! मी गोलात उभी असताना!"

मी मान खाली घातली. ह्या वेळी समोर टाकी नव्हती. तिला हसवायला म्हणून नाही, पण काहीतरी खरं द्यावं म्हणून मी तिला सांगितलं की मीही कॉलेजात रिंग टेनिस खेळले होते. पांढरी दावणी, म्हणजे मुलींची अर्धी साडी, नेसून, दोन वेण्या वर बांधून, मी कोणीतरी मोठी खेळाडू होणार अशा तोऱ्यात मैदानात गेले. पहिल्याच सामन्यात रबराची रिंग नाकावर बसली, एकही गुण न मिळवता हरले आणि घरी येऊन जाहीर केलं की अप्पांना मुलींनी खेळलेलं आवडत नाही, म्हणून सोडते. अप्पांना त्यातलं काही माहीतही नव्हतं. पुढे पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आले की वडिलांनी खेळू दिलं नाही. ऐकणारे हळहळायचे. मीही त्यांच्याबरोबर हळहळायची.

नात उठून बसली. "म्हणजे तू एक हरलीस आणि पळालीस?"

"हो."

"आणि पणजोबांवर घातलंस?"

"हो."

"शी, आज्जी!" ती म्हणाली. पण तिने पायांपाशी मला जागा केली, पाय जरा आत घेऊन.

दुसऱ्या दिवशी संघाचा फोटो होता. रोगाचे आकडे पुन्हा वाढू लागले होते, कॉलेज परत बंद होणार असं ऐकू येत होतं, म्हणून पीटी सरांनी घाईने बोलावलं. दरवर्षी संघाचा फोटो काढतात, खाली त्या वर्षीचा निकाल लिहितात आणि व्यायामशाळेत लावतात. नात हाताला पट्टी बांधून निघाली. जाताना फाटकातून मला म्हणाली, "वर ये. पण शब्द नाही. मराठी नाही, तमिळ नाही, काही नाही."

मी वर गेले. त्या पोरी माझ्या नाकाखालच्या गोलात ओळीने उभ्या राहिल्या. मास्क काढायचे की ठेवायचे ह्यावर वाद झाला, ठेवायचे ठरलं. मग सरांनी खालच्या ओळीचं विचारलं. मला वरून सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, यंदा निकाल नको लिहूया, नुसतं वर्ष लिहू, कोणी विचारणार नाही. चोळपुरम्‌ची पोर म्हणाली, हो सर, नुसतं वर्ष. व्हॉलीबॉलच्या तिघीही हो म्हणाल्या.

सर माझ्या नातीकडे वळले. मी कठडा इतका घट्ट धरला की चुन्याची भुकटी तळहाताला लागली. जिभेवर दहा वाक्यं आली. नुसतं वर्ष लिहा, लिहू नका, पाचव्यात एकाच गोलाने गेला ते लिहा, कबड्डीवालीचा गोल लिहा, शेवटचा माझ्या नावावर लिहा. एकही बाहेर काढलं नाही. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल.

"सहा सामने, सहा पराभव," नात म्हणाली. "असंच लिहा सर. आम्ही खेळलो ना."

"एक खेळला नाहीत," सर म्हणाले.

"मग तेही लिहा."

कबड्डीवाली हसायला लागली, मग सगळ्याच. फोटोवाला म्हणत होता हलू नका, हलू नका, आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झालेले, खांदे हलतायत, नातीने पट्टीचा हात पोटाशी धरलेला. त्याने तसाच फोटो काढला.